मोती रात्री आईला उठवतो, तेव्हा त्याला काय कळलेलं असतं?

एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. वडील चार महिन्यांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजारानं घरीच गेले. शेवटचे तीन दिवस त्यांचा देशी कुत्रा मोती पलंगाखालून हलला नाही, भाकरीलाही तोंड लावलं नाही. आता कराडच्या घरात आई आणि मोती दोघंच असतात. गेल्या पंधरवड्यापासून मोती रात्री दोन-तीनच्या सुमारास आईच्या अंगावर पाय ठेवून तिला उठवतो, तोंड आणि हात हुंगतो. दिवसा उजव्या पायाशी घुटमळतो, पाय चाटतो. आईनं मनाशी पक्कं केलंय की "ह्यांचं कळलं होतं, तसं त्याला आता माझं कळलंय." ती धसक्यानं जेवेनाशी झालीय. भाऊ म्हणतो, कुत्रं शेतावर सोडून येऊ. ताईंना दोन गोष्टी हव्यात: मोतीला खरंच काही कळतं का, आणि आईजवळ तो असावा की नसावा.

मी पशुवैद्यक आहे, सांगलीत लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, पण सरळ कधीच येत नाही. लोक लस टोचून घेतात, बिल देतात, आणि निघताना दारात थबकून विचारतात, "डॉक्टर, ह्यांना आधी कळतं म्हणतात, ते खरं का हो?" विचारताना थोडं हसतात, म्हणजे मी हसलो तर त्यांनाही हसण्यावारी नेता यावं.

ताई, मी हसत नाही. पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीय: "आईला मधुमेह आहे, गोळी चालू आहे." तिच्यापाशी येतोच. आधी बाबांबद्दल.

मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्तात युरिया साठत जातो आणि श्वासाला अमोनियासारखा वास येऊ लागतो. तो माणसांनाही येतो, अनुभवी नर्सला खोलीत शिरताच येतो. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. मोतीला तो बदल तुमच्या कितीतरी आधी लागला असणार. त्यात भर म्हणजे रोज फिरायला नेणारा माणूस उठेना, हाकेचा आवाज खोल गेला, घरात माणसांची ये-जा वाढली, सगळी दबक्या आवाजात बोलू लागली. एवढं झाल्यावर कुत्रं आपल्या माणसापाशी बसून राहतं. त्याला पुढचं दिसत होतं असं मानायची गरज मला वाटत नाही. समोर जे चाललं होतं ते त्यानं आपल्यापेक्षा बारकाईनं टिपलं, एवढं पुरेसं आहे, आणि ते काही कमी नाही.

अमेरिकेतल्या ऑस्कर मांजराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात एका शुश्रूषागृहात तो राहायचा. एरवी फारसा लाडिक नव्हता, पण एखाद्या रुग्णाचे शेवटचे काही तास उरले की त्याच्या अंथरुणावर जाऊन वेटोळं करून बसायचा. तिथले डॉक्टर डेव्हिड डोसा यांनी 2007 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. तोवर 25 हून जास्त मृत्यूंच्या वेळी ऑस्कर हजर होता. कर्मचाऱ्यांचा त्याच्यावर इतका विश्वास बसला की तो बसला की ते नातेवाइकांना फोन करायचे. मरणाऱ्या पेशींतून निघणाऱ्या रसायनांचा वास त्याला येत असावा, असा तर्क पुढे अनेकांनी केला. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण तो तर्कच आहे, कुणी मोजून सिद्ध केलेलं नाही.

पण ऑस्कर राहायचा कुठे, तेही पाहा. शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या मजल्यावर. तुमची आई बाजारहाट करते, पायऱ्या चढते, शेजारच्या मुलांवर ओरडते, हे तुम्हीच लिहिलंय. आणखी एक. बाबांच्या आधीही मोती कुणाच्या तरी उशापायथ्याशी बसलाच असेल. तुम्हाला ताप आला तेव्हा, भावाची परीक्षा होती तेव्हा. ती माणसं बरी झाली, म्हणून त्या रात्री कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. माणूस गेलं तीच रात्र लक्षात राहते. रात्री कुत्रं रडलं की कुणीतरी जाणार, ही समजूत अशीच टिकून राहिलीय. गल्लीतली कुत्री बारा महिने रडतात.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. कुत्र्यांना आजार हुंगता येतो का? येतो, काही आजार आणि काही प्रमाणात. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन इंग्रज डॉक्टरांचं पत्र छापून आलं. एका बाईंचं कुत्रं त्यांच्या पायावरच्या एकाच तिळाचा सतत वास घ्यायचं, पँटवरूनसुद्धा. शेवटी एकदा त्यानं तो तीळ चावून काढायचाच प्रयत्न केला, तेव्हा त्या डॉक्टरकडे गेल्या. तो त्वचेचा कर्करोग निघाला, आणि वेळेत निघाला. त्यानंतर लोकांनी रीतसर प्रयोग सुरू केले. 2004 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या प्रयोगात शिकवलेल्या कुत्र्यांनी लघवीच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग 41 टक्के वेळा अचूक ओळखला. नुसत्या नशिबानं हे प्रमाण 14 टक्के आलं असतं. याच्या दोन्ही बाजू बघा. नशिबापेक्षा जवळपास तिप्पट, म्हणजे नाकात काहीतरी नक्की शिरतं. आणि तरीही निम्म्याहून जास्त वेळा चूक, तेही शिकवलेल्या कुत्र्यांची.

रक्तातल्या साखरेच्या बाबतीत चित्र जास्त आशादायक आहे. साखर एकदम खाली गेली की श्वासात आयसोप्रीन नावाचा वायू वाढतो, असं केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये मधुमेह्यांबरोबर राहणाऱ्या 27 प्रशिक्षित कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. साखर उतरण्याच्या शंभरांतल्या सुमारे 83 वेळा त्यांनी सूचना दिली होती. अर्थात हे मधलं प्रमाण, कुत्र्याकुत्र्यांत फरक बराच होता. मोतीला कुणी शिकवलेलं नाही हे खरं. पण 2000 साली अशाच न शिकवलेल्या तीन घरगुती कुत्र्यांची हकिगत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली होती. मालकिणीची साखर उतरली की एक खुर्चीखाली जाऊन लपायचं आणि तिनं काही खाल्ल्यावरच बाहेर यायचं. दुसरं रात्री ढुशा देऊन मालकिणीला जागं करायचं.

आता जरा जोडून बघा. आई मधुमेहाची गोळी घेतेय. बाबा गेल्यापासून रात्रीचं जेवण नावाला उरलंय. एकट्यासाठी कोण स्वयंपाक करतं? चहाबरोबर दोन बिस्किटं खाऊन निजत असेल. पण गोळी मात्र पूर्वीचीच, पूर्वीच्याच मात्रेत. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न असो नसो, साखर खाली ओढतात. पहाटे दोन-तीनला घाम, धडधड, विचित्र स्वप्नं, सकाळी जड डोकं, यांपैकी काही होतं का ते आईला विचारा. मी जनावरांचा डॉक्टर आहे, गोळी बदला असं मी सांगणार नाही आणि तुम्हीही परस्पर बदलू नका. पण ग्लुकोमीटर उशाशी ठेवा. मोती उठवेल तेव्हा बोट टोचून आकडा बघायचा आणि वेळेसकट वहीत लिहायचा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, आणि सकाळी डॉक्टरांना फोन. आई एकटी असते, म्हणून शेजारी कुणाला तरी हे सांगून ठेवा. आकडा 70 च्या वर असला तरी आठवडाभराची वही डॉक्टरांना दाखवा. रात्रीचं न जेवणं आणि गोळी यांचं गणित त्यांना कळायलाच हवं, मोती बरोबर असो वा चूक.

उजवा पाय. याची कारणं साधीही असू शकतात. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, बोटांच्या बेचक्यात चीर पडलेली किंवा टाचेला जखम झालेली आईला समजतही नाही. मोतीला मात्र वास येतो. उजेडात बसवून दोन्ही तळवे, बेचके, नखांच्या कडा नीट बघा. जखम असेल तर मोतीला चाटू देऊ नका. कुत्र्याच्या लाळेनं जखम भरते असं गावाकडं मानतात. मधुमेही माणसाच्या बाबतीत ते धोक्याचं आहे, त्या लाळेतले काही जंतू रक्तात गेले तर जिवावर बेतू शकतं. मोतीची रेबीजची लस या वर्षी झाली आहे ना, तेही कार्डावर तपासा.

दुसरं कारण माझ्या दवाखान्यात फार दिसतं. गुडघ्याला चोळायचं वेदनाशामक मलम. त्याच्या वासानं आणि अंगावरच्या घामाच्या खारटपणानं कुत्री पाय चाटत बसतात. त्या मलमात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असतं, आणि ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आई असं काही लावत असेल तर वर पायजमा किंवा पट्टी हवी, आणि हात धुतल्याशिवाय मोतीला कुरवाळायचं नाही. मोतीला उलट्या होत असतील किंवा शी काळी होत असेल तर लगेच दवाखान्यात घेऊन जा.

आणि मोती स्वतः? तुम्ही त्याचं वय नऊ लिहिलंय. या वयाचं कुत्रं रात्री माणसाला उठवायला लागलं की मी आधी कुत्र्याची तपासणी करतो. जास्त पाणी पितोय का, लघवीला रात्री बाहेर जावं लागतंय का, सांधे दुखतायत का, गोचीड आहेत का, कान-डोळे कसे आहेत? लघवी आणि रक्त तपासून घ्या. उतारवयात काही कुत्र्यांचं दिवस-रात्रीचं भान सुटतं, घरातल्या घरात हरवल्यासारखी फिरतात, तेही बघायला हवं. पुष्कळदा माणूस आपल्या मरणाच्या धसक्यात असतो आणि कुत्र्याला नुसतं मुतायला जायचं असतं.

याखेरीज एक शक्यता उरते, आणि माझ्या मते तुमच्या घरात तिचा वाटा मोठा आहे. मोतीला आईची भीतीच कळतेय. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2022 मध्ये चार कुत्र्यांवर प्रयोग झाला. माणसांना अवघड तोंडी गणितं घालायची, आणि आधीचा व नंतरचा घाम-श्वास कुत्र्यांपुढे ठेवायचा. शंभरांतल्या जवळपास 94 वेळा त्यांनी ताणाखालचा नमुना बरोबर काढला. ती माणसं त्यांच्या ओळखीचीही नव्हती. मग नऊ वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली तिचा धसका त्याला लागणार नाही? आई रात्री दचकून जागी होते, मोती उठून जवळ जातो, त्याला जवळ आलेला पाहून आईच्या पोटात गोळा येतो, तो आणखी अस्वस्थ होऊन हुंगू लागतो. आधी आई उठते की आधी मोती, हे झोपेतल्या माणसाला सांगता येत नाही. दोन रात्री तुम्ही स्वतः त्या खोलीत झोपा, किंवा भावाला मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवायला सांगा. पुष्कळ उलगडा होईल.

आईला "ही अंधश्रद्धा आहे" असं सांगू नका. चार महिन्यांपूर्वी तिनं डोळ्यांनी जे पाहिलं ते खरं होतं, ते खोटं ठरवलंत तर ती तुमच्याशी बोलणं बंद करेल आणि भीती तशीच राहील. तिला म्हणा, "हो, मोतीला कळतं. मग काय कळलंय ते आपण तपासून तरी बघू." अशा घरांत ही भाषा चालते, हा माझा अनुभव आहे. ज्या कुत्र्याकडे बाई यमाचा निरोप्या म्हणून बघत होती, त्याच्याकडे ती राखण करणारा म्हणून बघू लागते. कुत्रं तेच असतं.

आता तो असावा की नसावा. प्राण्यांच्या सोबतीनं माणूस बरा होतो, याबद्दल फार मोठी विधानं केली जातात. 1980 मध्ये एरिका फ्रीडमन यांनी अमेरिकेत हृदयविकाराचे 92 रुग्ण वर्षभर पाहिले. घरी प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 दगावले, नसलेल्या 39 पैकी 11. तो अभ्यास जगभर गाजला. पण नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तसं निघालं नाही, आणि ज्यांची तब्येत बरी असते तेच कुत्रं पाळतात, हाही मुद्दा आहेच. म्हणून मी कुणालाही औषध म्हणून कुत्रं घ्या असं सांगत नाही.

जे मी दवाखान्यात बसून पाहतो ते याहून साधं आहे. जोडीदार गेलेल्या माणसाला सकाळी उठायचं कारण उरत नाही, कुत्र्याला मात्र सहा वाजता बाहेर जायचंच असतं. त्याच्यासाठी भाकरी टाकली की स्वतःसाठीही एक पडते. रस्त्यात चार लोक कुत्र्याची चौकशी करतात, कारण विधवा बाईची चौकशी कशी करावी हे त्यांना सुचत नसतं. शिवाय स्पर्श. आपल्याकडे सत्तरीच्या बाईला दिवसभरात कुणाचा हात लागतो? मोती अंगाला अंग लावून बसतो. आणि त्याचंही माणूस गेलंय, हे विसरू नका. घरातलं जोडीचं कुत्रं गेल्यावर मागे राहिलेलं कुत्रं कमी खातं, कमी खेळतं, जास्त झोपतं, माणसाला चिकटून राहतं, असं इटलीतल्या 426 कुत्रेवाल्यांच्या पाहणीत दिसलं होतं. माणूस गेल्यावरही दवाखान्यात मला हेच दिसतं. मोतीचं चिकटून राहणं थोडं त्यातलंही असेल.

पण हे सगळं परिस्थितीवर आहे, आणि काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. मोती कुणाचा होता? बाबांचा, आणि आई फक्त भाकरी घालायची, असं असेल तर हे ओझं तिच्यावर लादलं जातंय का ते मोकळेपणानं विचारा. तिचे गुडघे कसे आहेत? साखळी ओढणाऱ्या कुत्र्यामुळे म्हाताऱ्या माणसांचं खुब्याचं हाड मोडलेलं मी पाहिलंय. तसं असेल तर सकाळी-संध्याकाळी एखादा मुलगा पैसे देऊन फिरवायला ठेवा, आईनं अंगणात नि ओट्यावर मोतीबरोबर बसावं. मोतीमुळे आई तुमच्याकडे पुण्याला येऊच शकत नाही, असं होत असेल तर त्यालाही तिकडे नेता येईल का ते बघा. आणि "मोतीला जोडीला एक पिल्लू आणू" असं कुणी सुचवेल. या वर्षी नको. पिल्लू म्हणजे रात्रीची जागरणं आणि घरभर लघवी, आईला आत्ता ते झेपायचं नाही.

शेतावर सोडण्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलतो. घरात वाढलेलं नऊ वर्षांचं कुत्रं शेतावर टिकत नाही. तिथली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर ते घराच्या ओढीनं हायवेवर येतं. तुमच्याकडच्या उसात बिबटे आहेत, हे भावाला माहीत असेलच. अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. आणि आईच्या बाजूनं विचार करा. जो प्राणी तिचं मरण सांगतोय असं तिला वाटतं, त्याला तिच्या मुलानं दूर नेऊन टाकलं तर भीती खरी असल्याची मोहरच उमटेल. वर माणूस गेल्यावर चार महिन्यांत कुत्र्यालाही घालवलं, हे तिला आयुष्यभर खात राहील.

तेव्हा या आठवड्यात करायचं ते असं: ग्लुकोमीटर आणि वही, आईचे दोन्ही तळवे, मलमाची ट्यूब, मोतीची लघवी-रक्त तपासणी, आणि रात्रीच्या जेवणाची काहीतरी सोय, डबा लावला तरी चालेल. मोतीचं झोपायचं ठिकाण, जेवणाची वेळ, बाबा न्यायचे तो फिरण्याचा रस्ता, यांतलं काही इतक्यात बदलू नका. रात्रीचे आकडे आले की इथेच लिहा, मोतीचे रिपोर्टही टाका. आईच्या आकड्यांचं त्यांचे डॉक्टर बघतील, मोतीचं मी बघतो.